पहिला फोन जावयाला

माझ्या नवऱ्याचा मला हेवा वाटतो. त्याच्या कमाईचा नाही, रूपाचा तर मुळीच नाही. माझ्या बाबांना तो माझ्यापेक्षा जास्त आवडतो, याचा.

लोक हसतात. ‘नशीब समज, सासऱ्या-जावयाचं इतकं जमतं ते,’ म्हणतात. या लोकांनी एकदा सुट्टीच्या दिवशी बाबांच्या घरी येऊन बसावं. मी आत पाऊल टाकलं की बाबा माझ्या खांद्यावरून मागे बघतात आणि विचारतात, ‘जावईबापू नाही आले?’ मी त्यांच्या घरातली सगळी वायरिंग नव्याने केली, भिंती फोडल्या, बुजवल्या, केसांत सिमेंट घेऊन घरी गेले. तर म्हणाले, ‘छान झालंय ठके. एकदा जावईबापूंच्या नजरेखालून घालू.’ जावईबापूंचं चष्म्याचं दुकान आहे. घरातला फ्यूज उडाला की जावईबापू मेणबत्ती शोधायला लागतात.

आणि मी काय करते? गाड्यांची इलेक्ट्रिकल कामं. स्वतःचं वर्कशॉप आहे, दोन गाड्या आत आणि एक दारात मावते एवढं. बाबांनी जन्मभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांना क्लच सोडायला त्यांनीच शिकवलं, मलाही. गाड्यांच्या धंद्यात गेलेल्या मुलीचं त्यांना कौतुक असणार, असं मी धरून चालले होते. असेलही. पण ते त्यांनी कुठल्या कपाटात ठेवलंय ते मला अजून सापडलेलं नाही.

तर त्या दिवशी मी एका व्हॅनच्या डॅशबोर्डखाली उताणी पडले होते, टॉर्च दातांत धरून. तेवढ्यात नवऱ्याचे बूट दिसले. भर दुपारी दुकान सोडून हा माणूस हलत नाही, म्हणून मी टॉर्च काढला.

‘अगं, तुझा तो स्कॅनर तासभर देतेस का?’

‘त्यावर चष्म्याचे नंबर काढणार आहेस का?’

‘चेष्टा नको. बाबांची गाडी बंद पडली सकाळी. म्हणजे तशी फार काही नाही. टो करून आणलीय घरी. आता डॅशबोर्डवर सगळे दिवे लागलेत, तेवढे घालवायचेत.’

मी डॅशबोर्डखालून बाहेर आले.

‘तुला कोणी सांगितलं?’

‘बाबांचा फोन आला होता.’

मी माझा फोन पाहिला. मिस्ड कॉल नाही, मेसेज नाही, काही नाही. गाडी बंद पडते, टोवाला येतो, गाडी ओढून नेतो, घरी पोचवतो, आणि गाड्या दुरुस्त करणाऱ्या पोटच्या पोरीला फोन नाही. फोन कोणाला, तर चष्मेवाल्याला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

‘स्कॅनर मिळणार नाही,’ मी म्हणाले. ‘मी येते.’

‘तू कशाला? तुझी व्हॅन आहे ना. मी व्हिडिओ बघितलाय, जमेल मला.’

‘व्हिडिओ बघून मी उद्या तुझ्या दुकानात डोळे तपासायला बसले तर चालेल का?’

तो मूग गिळून गप्प बसला. एरवी हा असा गप्प बसत नाही, काहीतरी खुसपट काढतोच. पण मी रागात होते आणि राग आला की मला एवढं बारीक काही दिसत नाही.

बाबांच्या फाटकाच्या आत गाडी तिरकी उभी होती, टोवाल्याने सोडली तशी. बाबा पायरीवर बसले होते. त्यांनी आधी त्याला पाहिलं आणि त्यांचा चेहरा सैलावला. मग त्याच्या मागे मी दिसले.

‘तू कशाला आलीस कामं टाकून?’

‘गाडी बघायला.’

‘जावईबापू बघणार होते की.’

‘हो ना. आणि दात दुखला की तुम्ही न्हाव्याकडे जाता.’

बाबा हसले नाहीत. नवरा हसला, नको तितका. मी गाडीत बसले आणि स्टिअरिंगच्या खालच्या सॉकेटमध्ये स्कॅनर लावला. बॅटरी उतरली होती, म्हणून माझ्या गाडीतून केबल जोडली. स्कॅनरने जरा वेळ घेतला आणि मग बिघाडांचे कोड यायला लागले. एक, दोन, चार, स्क्रीन भरली, खाली सरकली.

बघणाऱ्याला वाटावं, गाडी भंगारात घालायच्या लायकीची झाली. पण टो केलेल्या गाड्यांचं हे नेहमीचंच आहे. टोवाला पुढची चाकं उचलतो, स्टिअरिंग लॉक होऊ नये म्हणून चावी चालू ठेवतो आणि गाडी ओढत नेतो. मागची चाकं फिरतायत आणि पुढची हवेत ढिम्म, हे गाडीच्या डोक्यात बसत नाही. तिला वाटतं, चाकांचे सेन्सर मेले. ब्रेकचा कॉम्प्युटर तक्रार करतो, त्याचं ऐकून स्टिअरिंगचा करतो, आणि बॅटरी उतरली की उरलेसुरलेही गळा काढतात. खरा बिघाड एखादाच असतो, बाकीची सगळी रडारड ओढल्याची.

‘टोवाला म्हणालाच,’ नवरा खिडकीतून वाकून म्हणाला, ‘ओढल्यामुळे असे कोड येतात. पुसून टाकायचे आणि गाडी चालू करायची. झालं.’

आणि त्याने हात आत घालून स्क्रीनवरच्या ‘सगळे पुसा’वर बोट नेलं. थेट. इकडेतिकडे न शोधता.

मी त्याच्या बोटावर चापट मारली. ‘पुसायच्या आधी वाचायचे असतात.’

‘अगं, पण सगळे टोइंगचेच आहेत.’

‘तुला काय माहीत?’

त्याने बाबांकडे पाहिलं. बाबा फाटकाकडे पाहत होते.

या दोघांचं काहीतरी शिजतंय हे आता मला कळलं. पण काय, ते कळेना. वाटलं, बाबांना नवी गाडी घ्यायची असेल आणि ती याच्या सल्ल्याने घ्यायची असेल. वाटलं, दुसऱ्याच कुठल्या मेकॅनिककडे यांनी गाडी दाखवली असेल. माझ्या वर्कशॉपच्या पाटीचा रंग बाबांनी स्वतः निवडला होता.

मी एकेक कोड उघडायला लागले. प्रत्येक कोडबरोबर गाडी त्या क्षणाची स्थिती साठवून ठेवते. इंजिन किती फिरत होतं, वेग किती होता, पाय कुठल्या पेडलवर होता. चाकाचा सेन्सर: इंजिन बंद. दुसऱ्या चाकाचा: इंजिन बंद. ब्रेकचा, स्टिअरिंगचा, कमी व्होल्टेजचा, सगळीकडे इंजिन बंद. म्हणजे हे सगळे टोवाल्याच्या दोरीला लटकताना आलेले. खुशाल पुसावेत.

एकात मात्र इंजिन चालू होतं. गाडी वेगात नव्हती, चौकात शिरताना असते तितकीच. कोड होता ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदमच दाबल्याचा.

मी तो दोनदा वाचला. मग पेडलचे आकडे पाहिले. ब्रेक अर्धवट, ॲक्सिलरेटर पार खालपर्यंत. सेन्सर तपासले, दोन्ही ठणठणीत. गाडीत काही बिघाड नव्हताच. एक पाय ब्रेकवर पडायचा तो दोन्हींच्या मधे पडला होता. गाडीला काय करावं ते कळेना म्हणून तिने स्वतःच जोर काढून घेतला आणि ती जागच्या जागी बसली.

मी गाडीतून उतरले. बाबा पायरीवरच होते.

‘कुठे झालं हे?’

त्यांनी ‘काय?’ असं विचारलं नाही.

‘शाळेपुढे,’ म्हणाले. ‘पोरं रस्ता ओलांडत होती. कुणाला लागलं नाही. वीतभर राहिलं.’

‘आणि तुला माहीत होतं,’ मी नवऱ्याकडे वळले.

‘हो.’

‘आणि तू ते पुसायला आला होतास.’

‘त्यांनी विचारलं, कोड राहतात का. मी म्हटलं, राहत असतील तर पुसता येतात.’ तो चष्मा काढून शर्टाला पुसायला लागला. अडचणीत आला की हेच करतो. ‘तुला कळू नये असं त्यांना वाटत होतं. मी काय करणार?’

‘पहिलीच वेळ ना?’

नवऱ्याने चष्मा आणखी जोरात पुसायला घेतला.

‘दुसरी,’ बाबा म्हणाले. ‘आधी इथे फाटकालाच घासली होती.’

तो ओरखडा मी पाहिला होता. दूधवाल्याची गाडी लागली असं बाबांनी सांगितलं होतं आणि नवरा शेजारी उभा राहून मान हलवत होता. मी त्या दूधवाल्याशी अजून धड बोलत नाही.

एखाद्या शहाण्या मुलीच्या डोळ्यांपुढे त्या क्षणी शाळेची पोरं आली असती. वीतभर अंतर आलं असतं. माझ्या पोटात काय दुखत होतं सांगू? याला आधी कळलं, याला दोन्ही वेळा कळलं. बाबांचा पाय चुकतो ही एवढी मोठी गोष्ट या माणसाने खिशात घालून फिरवली, रात्री माझ्या शेजारी झोपला, सकाळी माझ्या हातचा चहा प्यायला.

‘त्याला सांगितलंत,’ मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, शेजारच्या गॅलरीत कोणीतरी डोकावलं. ‘मला नाही सांगितलंत. जन्मभर मी तुमच्या मागे गाड्या गाड्या करत फिरले, आणि गाडीतलं सांगायचं म्हटलं की तुम्हाला चष्मेवाला आठवतो. मी कोण तुमची? काय कमी पडलं माझं, ते तरी सांगा.’

‘ठके, हळू.’

‘हळू नाही! याला सांगायला लाज वाटली नाही आणि माझी वाटते?’

‘हो,’ बाबा म्हणाले.

मी थांबले.

‘त्याच्यासमोर म्हातारं व्हायला मला काही वाटत नाही,’ ते म्हणाले. ‘तो या घरात आला तेव्हा मी म्हाताराच होतो. त्याने दुसरं काही पाहिलेलंच नाही. तू पाहिलंयस.’

एवढं बोलून त्यांनी पायरीवरची धूळ हाताने झटकली, जिथे धूळ नव्हती तिथेही.

माझा राग तेवढ्याने गेला असं मी म्हणणार नाही. रागाला फक्त कुठे बसावं ते कळेना. मी हात पुढे केला. ‘चावी द्या.’

बाबांनी चावी मुठीत धरली आणि नवऱ्याकडे पाहिलं.

‘द्या बाबा,’ तो म्हणाला, हलकेच. ‘मी म्हटलं होतं ना तुम्हाला परवा.’

आणि दिली. बघा म्हणजे. मी मागितली तेव्हा मूठ घट्ट, आणि त्याने म्हटलं तेव्हा उघडली. हे बोलणंही यांचं परवाच झालेलं. चावी माझ्या हातात पडली तरी मला ती त्याच्याकडून आल्यासारखीच वाटली.

मी कोड पुसले, सगळे. मग गाडी चालवून बघायची असते, चाकं फिरल्यावर ओढल्याचे कोड परत येतात का ते. मी स्टिअरिंगवर बसले. बाबा न विचारता शेजारी बसले. नवरा मागे शिरला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

दिवे विझलेलेच राहिले. गाडी गुणी होती, काहीसुद्धा कुरकुर नाही. गल्ली संपली, वळण आलं, मी ब्रेक मारला. गाडी मंदावली, मी वळून पुढे निघाले, आणि मग शेजारी मॅटवर पाय दाबल्याचा आवाज आला.

पुढे स्कूटर आडवी आली. मी थांबले, स्कूटर गेली, मी गिअर टाकला. मग त्यांचा पाय दाबला गेला.

मला गाडी शिकवताना बाबा माझ्या शेजारी या जागेवर बसायचे तेव्हा त्यांच्या पायाखाली त्यांचा वेगळा ब्रेक असायचा. मला समोरचं दिसायच्या आधी तो दाबलेला असायचा. मी चिडायचे, म्हणायचे, मला मारू द्या ना एकदा तरी. तो पाय अजून दाबत होता. दर वेळी, न चुकता आणि उशिरा. बाबा समोर बघत होते. पाय काय करतोय ते त्यांना माहीत नसावं.

मी आरशात पाहिलं. नवरा खिडकीबाहेर एका दुकानाची पाटी वाचत होता. त्याला काही दिसलं नव्हतं.

पुढे सिग्नल लाल झाला. मी लांबूनच ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडी हळूहळू, अगदी हळूहळू आणत गेले. मागून कोणीतरी हॉर्न मारला. मी तशीच आणत गेले. मॅटवर बाबांचा पाय दाबला गेला आणि गाडी तेव्हाच थांबली.

‘इतकी रेंगाळत का चालवतेस?’ मागून नवरा म्हणाला. ‘ब्रेकचं काही आहे का?’

‘ब्रेक उत्तम आहेत,’ मी म्हणाले. ‘तू बाहेर बघ.’

हे मी त्याला कधीच सांगणार नाही. एवढं तरी माझं एकटीचं असू दे.