शुद्ध केलेली मोटार

त्या सकाळी मालनबाई दारात तांब्याची तार गुंडाळत बसली होती. आत सखाराम पंपाच्या मोटारीच्या कॉइलींवर वार्निश सोडत होता. चौक गावच्या गॅरेजात तो जळक्या मोटारींत नवी तार भरायला शिकला आणि घरीच कामं घेऊ लागला, तेव्हापासून त्या उग्र वासावाचून मालनला घर घरासारखं वाटत नसे.

मोटार गावच्या विहिरीची होती. वीज नुकतीच आलेली. पाणी टाकीत चढे आणि टाकीच्या नळाला गाव भांडी लावी. मालन आणि बौद्धवाड्यातल्या इतर बायका मात्र लांब उभ्या राहत. कुणी वरून ओतलं तर हंडा भरे, नाहीतर नदी होतीच.

वार्निश उन्हात, मग बल्बच्या उबेत कडक वाळलं. न्यायला आलेल्या येसाजी पाटलाला सखारामने बजावलं, "तात्या, वार्निश चढवलंय. तरी आत पानी जाऊ देऊ नका."

दुसऱ्याच दिवशी येसाजीने जळालेली मोटार अंगणात आणून टाकली. "तुज्या हाताला गुण नाय रं सखाराम."

सखारामने झाकण उघडलं. आतून गोठ्याचा वास आला.

"गोमूत्र वतलं व्हय?" मालनने विचारलं.

"जरा शिंपडलं. तुमचा हात लागलेली वस्तू इहिरीत सोडायची, म्हंजी शुद्ध नको कराया? रीतच हाय ती."

"शिंपडलं नाय, तांब्या उपडा केलाय," सखाराम म्हणाला.

"बरं, आता बिगी भरून दे. गाव तहानलंय."

मालन उठली. "हे भरून देतील. पर तेच आपल्या हातानं बसवतील. आन नळाचा पयला हंडा मी भरीन."

येसाजी हसला. "बायको लय शिकवलीस रं."

"मी नाय, तात्या. तुमच्या टाकीनं शिकवली."

येसाजीने मोटार गाडीत घातली आणि खालापूरला नेली. तिथल्या कारागिराची जात कुणाला ठाऊक नव्हती, म्हणून परत आल्यावर तांब्या पुन्हा उपडा झाला. मोटार पुन्हा जळाली.

वैशाखात विहिरीचं पाणी दोर पोचणार नाही इतकं खोल गेलं आणि सारं गाव नदीच्या कोरड्या पात्रात उतरलं. वाळू उकरून केलेला मालनचा झरा तिथे आधीपासून होता. येसाजीची बायको सोनाबाई रिकामा हंडा घेऊन आली, भरलेल्या झऱ्याकडे पाहून क्षणभर थांबली आणि वरच्या अंगाला जाऊन वेगळा झरा उकरू लागली.

"घ्या की यातलं, वयनी," मालन म्हणाली.

मालनने आपला हंडा डोक्यावर घेतला आणि पाणी काढायची वाटी झऱ्याच्या काठावर ठेवून ती निघाली. दरडीवरून तिने वळून पाहिलं. वाटी तिथंच होती. सोनाबाई अजून कोरडी वाळू उकरत होती.