गुरुजींच्या धोतरावरची अक्षरं

"आले वो, गुरुजी आले!" केवलबुवा ओरडला.

सौंदडच्या देवळापुढे सारं गाव हात जोडून उभं होतं. केवलबुवाने दोन खांबांना लांबच लांब चित्रपट्टी बांधली होती. काळ्या टोपीतला एक पंडित लिहीत बसलेला, पुढे शिपाई त्याला दूर घेऊन चाललेले, आणि शेवटी ढगातून वाड्यावर वीज कोसळलेली.

"खेमराज गुरुजीची कथा देवानंच रंगवली! आळ आला, गाव सुटलं, परगावी मेले. अन् परवा त्याहिले हाकलणाऱ्या जमीनदाराच्या, त्या मालगुजाराच्या कोठीवर वीज कोणं पाडली?"

पट्टीखाली गुरुजींचं जुनं, विरलेलं धोतर ताणलं होतं. बुवाने त्यावर तांबूस तीर्थ शिंपडलं, तशी निळीकाळी अक्षरं उमटली: ‘माझी पुस्तकं जाळा.’

गुरुजींची विधवा, धुरपताबाई, त्यांच्या विज्ञानाच्या पुस्तकांची पेटी उचलून जाळायला निघालीच. धन्याचा निरोप आला, यातच तिला सगळं मिळालं होतं. लेक रुख्मा मात्र थबकली. तीर्थाला दवाखान्याचा वास होता.

अर्जुनीच्या दवाखान्यात बाबांच्या जखमेला कंपाउंडर आयोडिन लावायचा. एकदा पाजताना तिच्या हातून पेज सांडली आणि जखमेची पट्टी अशीच निळीकाळी झाली. बाबा हसले होते, "भाताच्या पेजेवर हे औषध पडलं का असाच रंग येते, बेटा." ते त्यांचं शेवटचं हसू. नंतर एकच वाक्य घोकत गेले.

देवळातला मुकुट हरवला आणि चोरीचा आळ बाबांवर आला, त्या सकाळी ते याच लोकांच्या पोरांना शाळेत शिकवत होते. मालगुजारापुढे मात्र एकानेही तोंड उघडलं नव्हतं.

"थांब माय!" रुख्माने शेजारच्या घरून पेज आणली, धोतराच्या कोऱ्या टोकावर बोटाने लिहिलं, उन्हात वाळू दिलं. "शिंपडा बुवा."

"बाईचा हात लागला! धोतर बाटलं!" बुवा ओरडला.

"तुमच्या देवाले पेजेचं भेव वाटून राहिलं काय?" चैतरामने त्याच्या हातातला तीर्थाचा तांब्या हिसकावला. तो ब्रह्मदेशाच्या लढाईवरून परतलेला गावचाच शिपाई. चित्रपट्टी त्यानेच तिकडून आणलेली, त्याच्या मायकडून बुवाने मागून नेलेली. "जपान्याचं चित्र हाय हे. तिकडच्या एका जपानी कैद्यानं सांगतलं मले. खोट्या आळानं त्या पंडिताले हाकललं. तो मेला, वीज पडली, मंग भेवून त्याचाच देव केला."

शिंतोडे पडले. धोतरावर उमटलं: ‘मी चोर नाही.’

बुवा कधी सटकला, कोणाला कळलं नाही.

"मंग थे आलेच नाई?" धुरपताबाईने विचारलं.

"नाई माय. हे अक्षर माह्यं हाय, अन् ते बुवाचं."

गुरुजी गेले तेव्हाही रडली नव्हती, तशी धुरपताबाई पेटीवर डोकं ठेवून रडली.

रुख्मा लोकांकडे वळली. "पेज अन् आयोडिन, एवढाच चमत्कार. वीज उंच कोठीवर पडते, तिले कोणाचं पापपुण्य मालूम नाई. मेलेला माणूस कोपत नाई. माहे बाबा जिते असताना ‘मी चोर नाही’ हेच बोलत होते, तवा कोणाले ऐकू आलं नाई. भुतापुढं हात जोडू नका. जित्या माणसासाठी खरं बोला."

मग म्हातारा बिसराम खाली मान घालून पुटपुटला, "त्या सकाळी गुरुजी शाळेतच होते."

"मोठ्यानं बोला काका," रुख्मा म्हणाली. "मायले ऐकू येऊ द्या."