उकळीबाबा आणि बटाटा

त्या दुपारी बटाट्याच्या गोदामात बटाट्यांना जागा उरली नव्हती. पोत्यांवर माणसं, पोत्यांच्या फटींत माणसं. मधल्या मोकळ्या फरशीवर उकळीबाबा छडी घेऊन उभे होते आणि त्यांच्या पायांशी एक सून पालथी पडली होती. नवऱ्याने तिचे हात धरले होते, सासू पायांवर बसली होती. छडी पडली की गर्दी 'हं' म्हणायची. फटका आपल्याला बसत नाही याची गोडी त्या आवाजात होती.

"कोण आहेस तू? नाव सांग," बाबा म्हणाले.

"सून. शिवणकाम करते."

"हिच्यातलं भूत खोटं बोलतंय," बाबांनी जाहीर केलं. "हीच त्याची खूण."

मग तपकिरी बाटली निघाली. बाबांनी थोडं तीर्थ स्वतःच्या तळहातावर ओतलं. काही झालं नाही. "हे शुद्ध शरीर." तेच तीर्थ त्यांनी सुनेच्या पाठीवर ओतलं. फुटलेल्या कातडीवर पांढरा फेस सळसळत वर आला. गोदाम हादरलं.

"पाप उकळलं," बाबा शांतपणे म्हणाले आणि छडी पुन्हा उचलली. उकळी थांबेपर्यंत मारायचं, असा त्यांचा नियम होता. मार चालू असताना उकळी थांबत नाही, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

"थांबवा ते."

दारातून एक मुलगी पोती तुडवत पुढे आली. बारावी झाली होती, मेडिकलची जागा पक्की होती, पण कॉलेजच्या आधी एक वर्ष ती आरोग्यसेवेच्या कार्यक्रमात दवाखान्यात राबत होती. जखमा धुवायच्या, पोरांची वजनं घ्यायची, घरोघरी गोळ्या पोचवायच्या. लोक तिला आधी 'अर्धी डॉक्टर' म्हणत, मग घाईत नुसतंच 'अर्धी'.

या सुनेच्या फिटच्या गोळ्या अर्धीच पोचवायची. गोळ्या सुरू झाल्यापासून फिट आली नव्हती. मग बाबांनी गोळ्या बंद करायला लावल्या, फिट आली, आणि भूत लागल्याचं बाबांचं म्हणणं खरं ठरलं.

"काकू, हिला गोळी द्या," अर्धी सासूला म्हणाली. "अशीच मार खात राहिली तर पुढची फिट हिला घेऊन जाईल."

"अर्धी डॉक्टर, अर्धी अक्कल," बाबा म्हणाले. लोक हसले.

अर्धीची नजर बाटलीवर खिळली होती. "बाटली अशी काळपट का हो, बाबा?"

"तीर्थाला उजेड सोसत नाही."

हे वाक्य तिने ऐकलं होतं. दवाखान्यातल्या सिस्टर पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "ही बाटली उन्हात ठेवू नकोस गं, दम निघून जातो तिचा." तिने झडप घालून बाटली हिसकावली. त्याच क्षणी छडी तिच्या हातावर बसली. बोटांची सालं निघाली, बाटली कलंडली आणि तिच्या हातावर फेस आला.

"हिलाही लागलंय," बाबा म्हणाले.

दोघा-तिघांनी तिला केसांना धरून फरशीवर आपटलं. छडी तिच्या खांद्यावर पडली, मग मानेवर. बाटली तिने सोडली नाही. समोर सासूचं मनगट होतं, आदल्या फिटमध्ये सून चावली होती तिथे अजून ओलं. अर्धीने त्यावर तीर्थ ओतलं.

उकळलं.

"अगं बाई," सासू म्हणाली.

बाबांपुढे पेच पडला. पण माघार घेतली तर धंदा बसतो. त्यांनी छडी सासूवर उगारली.

"आईला हात लावायचा नाही," मुलगा ओरडला. बायकोच्या वेळी हे वाक्य त्याला सुचलं नव्हतं. त्याने छडी हिसकावून बाबांच्याच कपाळावर हाणली. कपाळ फुटलं, आणि अर्धीने त्यावर घोटभर तीर्थ ओतलं.

शुद्ध शरीर खळखळून उकळलं.

मग मागून कुणीतरी शोध लावला, "भूत बाबांत शिरलं. हाणा."

आणि लोक तुटून पडले. लाथा, बुक्क्या, बाबांचे दोन दात फरशीवर. अर्धीला वाटलं होतं की आता ते विचार करतील. त्यांनी फक्त माणूस बदलला होता. ती बाबांवर आडवी पडली, दोन लाथा खाल्ल्या, हाताला लागला तो बटाटा उचलला आणि कचकन चावला. तोंडातला तुकडा थुंकला.

"इकडे बघा," ती ओरडली. बटाट्याच्या सालीवर तिने तीर्थ ओतलं. शांत. चावलेल्या बाजूवर ओतलं. फेस.

"याला कुणाचं भूत लागलंय? हाणायचं यालाही?"

पायांचा आवाज थांबला.

"हे हायड्रोजन पेरॉक्साइड. आम्ही रोज जखमा धुतो याने. रक्तात आणि कापलेल्या बटाट्यात एक गोष्ट असते, ती लागली की यातून वायू सुटतो. धड कातडीवर काही होत नाही. म्हणून बाबा आधी मारतात, मग ओततात. ज्याला माराल तो उकळेल. तुम्हीही."

सासूने आपल्या मनगटाकडे पाहिलं, मग सुनेच्या पाठीकडे. पदर काढून तिने तो सुनेवर पांघरला.

"गोळी कधी द्यायची गं?"

"सकाळ-संध्याकाळ. आणि मधे मार द्यायचा नाही."

संध्याकाळी दवाखान्यात आधी सुनेची पाठ धुतली गेली, मग बाबांचं कपाळ, त्याच तपकिरी बाटलीने.

"जळतंय," बाबा कण्हले.

"तीर्थ आहे," अर्धी सुजलेल्या हाताने पट्टी बांधत म्हणाली. "सोसा."

बाहेर पोलिसांची गाडी बाबांसाठी थांबली होती. गोदामातले लोक मात्र पांगून घरी गेले होते. छडी बाबांची होती, पण हात या लोकांनी धरले होते. तेव्हा एवढंच सांगणं आहे. आधी माणूस फोडायचा आणि मग त्याचं रक्त पुरावा म्हणून दाखवायचं, असा चमत्कार कुणी पुन्हा घेऊन आला, तर त्याच्या पाया पडण्याआधी त्याच्यापुढे एक बटाटा ठेवा.