पेंटरला रक्त चढवायचं का?

मी एक जुना सलाईनचा स्टँड आहे, मित्रांनो, पण म्हणून कुणी च्च च्च करायचं नाही. कणा ताठ आहे, डोक्यावरच्या चार हुकांपैकी तीन ठणठणीत आहेत, आणि तोंडाला तर काहीच झालेलं नाही. चौथा हुक एका काकांनी वाकवला. पेशंटला बघायला आले आणि माझ्यावर अख्ख्या कलिंगडाची पिशवी लटकवली. हुक वाकला तर मलाच म्हणाले, काय तकलादू माल बनवतात हल्ली.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. एका बाजूला जिन्याचे कठडे बनायचे, दुसऱ्या बाजूला सायकलींचे हँडल. माझा पाइप जरा इकडे सरकला असता तर आज पोरं माझ्यावरून घसरत असती. तेही काही वाईट नव्हतं म्हणा. खाली पाच चाकं बसवली, त्यातलं एक जन्मापासून डावीकडे ओढतं. लोक त्याला दोष म्हणतात, मी करमणूक म्हणतो. नवा कोरा डॉक्टर रुबाबात मला ढकलत निघाला की मी त्याला हळूच भिंतीकडे नेतो. सिस्टर तोंडावर हात ठेवून हसतात. डॉक्टर चाकाकडे बघतो, चाक छताकडे बघतं.

तरुणपणी मी जनरल वॉर्डात होतो. माझ्यावर सलाईन लटकलं, सिस्टरचा स्वेटर लटकला, वॉर्डबॉयचा डबा लटकला, एकदा एका आजोबांची कवळीसुद्धा लटकली, पिशवीत घालून. एक मोठे साहेब तपासणीला आले तेव्हा मला स्पिरिट लावून पुसलं होतं. साहेब म्हणाले, वा, कसा चकाचक आहे. मी आठवडाभर हवेत. मग बाथरूमची कडी तुटली आणि मला दाराला टेकवून ठेवलं. आतला माणूस मोठमोठ्याने गाणं म्हणतोय आणि मी बाहेरून कडी होऊन उभा. असेही दिवस काढले. आयसीयूत एक स्टँड कमी पडला, म्हणून कुणाला तरी माझी आठवण झाली आणि मला पेंटरच्या उशाशी नेऊन उभं केलं.

पेंटर म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारा. शिडीवरून पडला होता. मांडीचं हाड मोडलं आणि डोक्यात रक्ताची गाठ झाली. गाठ ऑपरेशन करून काढली, पण या सगळ्यात अंगातलं रक्त बरंच गेलं. तोंडात श्वासाची नळी, डोळे मिटलेले. बायको भेटायच्या वेळेला आत यायची आणि त्याच्या कानाशी वाकून तक्रारी सांगायची. "अहो, ऐकताय ना? शेजारच्यांनी तुमचा मोठा ब्रश नेलाय आणि आता म्हणतात आम्ही नाही नेला." पेंटर हूं की चूं करायचा नाही. बाहेर गेली की पदरात तोंड घालायची. मला काचेतून दिसायचं.

आता भांडण सांगतो. आयसीयूच्या प्रमुख म्हणजे मोठ्या मॅडम. त्यांचं म्हणणं असं, की रक्त म्हणजे टॉनिक नव्हे. दुसऱ्याचं रक्त अंगात घातलं की अंग कधी कुरकुरतं, कधी फुप्फुसात पाणी साचतं. हिमोग्लोबिन सातच्या खाली जाईपर्यंत बहुतेक पेशंट निभावून नेतात, मग उगाच कशाला? त्यांच्या हाताखालचे धाकटे डॉक्टर म्हणायचे, मॅडम, बहुतेक पेशंटचं डोकं फुटलेलं नसतं. मार लागलेल्या मेंदूला ऑक्सिजन कमी पडून चालत नाही, याला नऊच्या वरच ठेवायला हवं. आणि पेंटरचं हिमोग्लोबिन किती? आठच्या जरासं वर. दोघांच्या बरोब्बर मधे, मुद्दाम कळ लावायला बसल्यासारखं. धाकटे डॉक्टर मोबाइलवर एक अभ्यास उघडून दाखवायचे, जास्त रक्त दिलेले लोक पुढे बरे चालतेफिरते झाले. मॅडम दुसरा दाखवायच्या, काही फार फरक पडला नाही. दोघं बोलायचे हळू, पण मान अशी हलवायचे की मला वारा लागायचा.

अशात आला मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. टायरचं दुकान होतं त्याचं. एकटा नाही आला, अख्खी गॅरेज गल्ली घेऊन आला. बॅटरीवाला, वेल्डर, पंक्चरवाले, सगळे बाह्या वर करून रक्तपेढीत. वेल्डर तर अंगाने दरवाजाएवढा. सुई बघूनच आडवा झाला, त्याला उचलायला बाकीच्यांना अर्धवट रक्त देऊन उठायची वेळ आली होती. मेहुण्याने मात्र रक्त दिलं आणि तडक वर येऊन विचारलं, आमचं चढवलं का? सिस्टर म्हणाल्या, नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, पुन्हा नाही. मग त्याचा चेहराच पडला. सिस्टरना म्हणाला, आमच्या रक्तात काय पेट्रोल सापडलं का तुम्हाला?

बहीण त्याच्यावर खेकसली, "हळू बोल जरा. दवाखाना आहे हा, तुझं दुकान नाही."

तो हळू बोलायला लागला आणि तेच जास्त वाईट झालं. त्याच्या दुकानाच्या पाटीवर पेंटरने टायर काढला होता, तो दिसायचा अंड्यासारखा. गिऱ्हाइकं विचारायची, उकडून देता का कच्चं? त्यावरून मेहुण्याने भाऊजींशी बोलणंच टाकलं होतं. शेवटी पेंटर आपण होऊन शिडी घेऊन आला, म्हणाला गोल करून देतो. मेहुणा खालून शिडी धरून उभा आणि वर बघून सूचना देतोय. अजून जरा डावीकडे, तिथे चपटा वाटतोय. पेंटर वाकला आणि गेला. "ताई, शिडी माझ्या हातात तशीच होती," तो म्हणाला. "माणूस तेवढा खाली."

मोठ्या मॅडम मागे उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मेहुण्याने त्यांनाही सोडलं नाही. "मॅडम, ऑइल कमी झालं की टाकायचं. त्यात एवढा विचार कसला?"

"तुम्ही टायरमध्ये हवा किती भरता?" मॅडमनी विचारलं.

"गाडी बघून. माल किती लादलाय ते बघून."

"सगळ्या गाड्यांना सारखी नाही भरत?"

"फुटेल की एखाद्याचा."

"मग मलाही गाडी बघू द्या," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या भाऊजींना मी रोज बघतेय. कमी पडायला लागलं असं दिसलं तर अर्धा तास थांबणार नाही. पण तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही देणार."

मला वाटलं होतं जुंपेल. जरा निराशच झालो.

दुसऱ्या सकाळी मॅडमनी नेहमीसारखा पेंटरच्या खांद्याला चिमटा काढला. मित्रांनो, हे छळायला नसतं, मेंदू जागा किती आहे ते असंच बघतात. आदल्या दिवशी त्याने हात झटकला होता. आज बोटं नुसती हलल्यासारखी झाली. मॅडमनी पुन्हा चिमटा काढला. पुन्हा तेवढंच. नाडी धावत होती. डोक्याचा फोटो लगेच काढला, नवा रक्तस्राव नव्हता. ताप नव्हता, झोपेचं औषध वाढवलेलं नव्हतं. हिमोग्लोबिन कालच्यापेक्षा थोडं खाली, पण सातच्या बरंच वर. सातच्या हिशोबाने सगळं आलबेल होतं. पेंटर तेवढा आलबेल नव्हता.

मॅडम काही वेळ नुसत्या बघत राहिल्या. मीही चाक आवरून उभा राहिलो. मग त्या म्हणाल्या, "याला पुरत नाहीये. एक बाटली चढवा. एकच. मग पुन्हा बघू."

धाकट्या डॉक्टरांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"हसू नका," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या नऊसाठी नाही देत. या माणसासाठी देतेय. आणि हो, तपासणीला रक्त काढाल ते आता लहान मुलांच्या छोट्या नळीत. रोज चार नळ्या काढतो आपण, त्याला वाटत असेल दवाखान्यात ढेकूण झालेत."

दोन सिस्टरनी बाटलीवरचा नंबर आणि गट मोठ्याने वाचून दोनदा जुळवून पाहिला. मग ती लाल पिशवी, तिला सगळे बाटलीच म्हणतात, माझ्या हुकावर आली. स्वेटर, डबा, कवळी, सगळं पेललंय मी, पण त्या दिवशी माझी पाचही चाकं सरळ होती. थेंब थेंब उतरत होता आणि काचेपलीकडून मेहुणा प्रत्येक थेंबाला मान हलवत होता.

संध्याकाळपर्यंत नाडी जरा शांत झाली. दुसऱ्या दिवशी चिमटा काढला तर पेंटरने मॅडमचा हात असा ढकलला की त्यांचं घड्याळ सुटलं. त्यानंतर दोनेक दिवसांनी डोळे उघडले. बायको धावत आली. "अहो, ऐकताय ना?" पेंटरने तिच्याकडे बघितलं आणि मग सावकाश मान दुसऱ्या बाजूला वळवली. धाकटे डॉक्टर काळजीत पडले. ती मात्र रडतारडता हसायला लागली. "ऐकतायत. घरीही असंच करतात."

पेंटरला वॉर्डात हलवायचं ठरलं तेव्हा मेहुण्याने मॅडमना गाठलंच. म्हणाला, लागू पडलं ना माझं रक्त?

मॅडमनी त्याला सरळ सांगितलं, की रक्ताने फरक पडला असेल, किंवा मेंदूची सूज आपोआप उतरली असेल. "धाकट्या डॉक्टरांना वाटतं बाटलीने झालं, मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि ती बाटली तुमची नव्हतीच. तुमची वरच्या मजल्यावर एका बाळंतिणीला गेली."

"मग भाऊजींना कुणाची दिली?"

"काय माहीत. कुणीतरी आलं असेल, हात पुढे केला असेल, चहा पिऊन गेलं असेल."

मित्रांनो, मोठे झालात की तुम्हीही तेवढंच करा. हात पुढे करा, चहा प्या आणि घरी जा, कुणाला गेलं ते विचारत बसू नका. आणि तुमच्या माणसाला रक्त द्यायला डॉक्टर थांबले असतील, तर त्यांना जरा गाडी बघू द्या.

मेहुणा स्वतः पेंटरची गाडी ढकलत होता, शेजारी मी. पण चालणं काही पुढे सरकेना, कारण तो समोर येणाऱ्या प्रत्येकाकडे टक लावून बघत होता. झाडूवाल्या मावशी, औषधवाला, कुणाचे तरी काका, एक पोरगी कानात गाणी घालून. प्रत्येकाला मान लववून नमस्कार. लोक दचकून बाजूला होत होते. लिफ्टपाशी तर त्याने लिफ्टवाल्याला दोन्ही हात जोडले.

लिफ्टवाला घाबरला. हळूच म्हणाला, "काय झालं साहेब? पेशंट गेला का?"

"नाही," मेहुणा म्हणाला. "राहिला. म्हणून तर."