गुंडूचं लायसन्स

"गुंडूला सुई दिलीया न्हवं, अण्णा?" नळाखाली हात धरून कावेरीनं विचारलं. पाण्याबरोबर रक्ताची बारीक रेघ मोरीत उतरत होती.

दामोदर इनामदार साबणाची वडी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांनी वडी या हातातून त्या हातात घेतली.

"हो तर. दिलीय की. दरवर्षी देतो."

"मग सरी, बरं झालं." तिनं साबण घेतला आणि अंगठ्याच्या बुडाशी चोळू लागली. "आज काय झालं त्येला, कुणास ठाऊक. ताटली सारायला गेले तर एकदम तोंडच टाकलं."

गुंडू जेवणाच्या टेबलाखाली भिंतीकडे तोंड करून पडला होता. घरकामाला येणारी कावेरी इतकी वर्षं त्याला वाढत होती, पण तो तिच्यावर साधा गुरगुरलासुद्धा नव्हता.

"दवाखान्यात जायाला पायजे काय?"

"लस दिलेल्या कुत्र्याचं काही भय नसतं. उगाच तुझा दिवस मोडेल," दामोदर म्हणाले. त्यांनी स्वतः तिच्या हाताला पट्टी बांधली, स्वतः चहा केला. कप घेताना ती संकोचून म्हणाली, "तुमी लई करताय अण्णा."

गुंडू खरं तर दामोदरांच्या बायकोचा, अंजलीचा. यशवंतपूरच्या या घरासमोरच्या गटारातून तिनं ते गोलमटोल पिल्लू उचलून आणलं होतं, म्हणून त्याचं नाव गुंडू, कन्नडमध्ये गोल. सरकारी कारखान्याच्या टूलरूममध्ये जन्म काढलेल्या दामोदरांना कुत्र्याचं काही कळत नव्हतं. लस, लायसन्स, गळ्यातला बिल्ला हे सगळं अंजलीचं खातं. ती त्याला मांडीवर घेऊन रिक्षातून जायची आणि दुपारपर्यंत सगळं उरकून यायची. ती वारल्यावर दामोदरांनी एकदा प्रयत्न केला. गुंडूनं रिक्षाच्या पायरीशीच चारी पाय रोवले आणि असा गळा काढला की गल्लीतली माणसं बाहेर आली. रिक्षावाला निघून गेला. मग राहिलंच. व्हाइटफील्डला राहणारी मुलगी ऋचा म्हणायची, "अण्णा, मी वीकेंडला कार घेऊन येते, आपण जाऊ." तिचा वीकेंड ऑफिसच खाऊन टाकायचं. बघता बघता दोन वर्षं झाली. मागच्या महिन्यात फिरायला नेलं असताना गुंडूनं पट्टा हिसडला आणि रेल्वेच्या गोदामापाशी तो भटक्या कुत्र्यांशी भांडून आला. कान फाटला होता. दामोदरांनी हळद लावली आणि ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही.

आठवड्यापूर्वीच गल्लीतल्या रहिवासी संघाचे सेक्रेटरी वादिराज दारात आले होते. "सार, या वेळी पालिकेची माणसं घरोघरी येणार आहेत. लायसन्स नसलं तर दंड. चावल्याची तक्रार असली तर गाडीत घालून घेऊनच जातात. स्वल्प लवकर करून घ्या."

"झालंय हो, नुसता बिल्ला यायचाय," दामोदर म्हणाले होते.

एकदा खोटं बोलून झालं होतं, म्हणून दुसऱ्यांदा ते सोपं गेलं. कावेरी सरकारी दवाखान्यात गेली असती तर कुत्रा कुणाचा, हे तिथं विचारलंच असतं. संध्याकाळपर्यंत गाडी दारात आली असती. मग या घरात हाक मारायला कोण उरलं असतं?

दुसऱ्या दिवशी कावेरी पट्टी बांधलेला हात वर धरून डाव्या हातानं भांडी घासत होती. जाताना तिनं गुंडूपुढे चपाती टाकली. त्यानं हुंगलीसुद्धा नाही.

"रुसलाय," ती हसून म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी गुंडू भुंकला तो आवाज दुसऱ्याच कुठल्यातरी जनावराचा वाटला. घोगरा, मध्येच तुटणारा. जबडा सैल पडला होता, लाळेची तार जमिनीला टेकत होती. दामोदरांनी ती फडक्यानं पुसली आणि पाण्याचं भांडं पुढे केलं. तो आला, त्यानं तोंड बुडवलं. पाणी जसंच्या तसं बाहेर सांडलं. पुन्हा बुडवलं. मानेच्या शिरा ताठल्या, सगळं अंग थरथरलं, पण घोट काही उतरेना. तेव्हा त्यानं मान वळवून दामोदरांकडे पाहिलं.

दामोदर पाऊल पाऊल मागे सरकले, मागच्या व्हरांड्याचं दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली.

त्या दिवशी कावेरीची सुट्टी होती. त्यांनी फोन उचलला आणि ठेवून दिला. रिक्षा केली आणि मार्केट यार्डामागच्या तिच्या बोळात गेले. कावेरीचा नवरा यल्लाप्पा यार्डात हमाली करायचा. तो नुकताच येऊन दारात पाय धूत होता.

"अण्णा, तुमी? या की, बसा." कावेरीनं पदरानं स्टूल पुसलं.

ते बसले नाहीत. "कावेरी, सुई दिली नव्हती."

"काय?"

"गुंडूला. दोन वर्षं लस दिलेली नाही. मी खोटं बोललो. तो आजारी आहे, पाणी गिळत नाहीये. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल."

कावेरीनं हाताकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. हातातलं फडकं कुठं ठेवावं हे तिला सुचेना. शेवटी ते तिनं खांद्यावर टाकलं.

यल्लाप्पानं तांब्या खाली ठेवला. "निपाणीकडं आमच्या गावात एक जण गेला असा," तो हळू आवाजात म्हणाला. "खांबाला बांधून ठेवलं हुतं. पाण्याचा नुसता तांब्या दिसला तरी किंचाळायचा." एवढं बोलून त्यानं शर्ट अंगात घातला. रिक्षात त्यानं कावेरीला पलीकडच्या कोपऱ्यात बसवलं आणि स्वतः मध्ये बसला. वाटेत एकदा कावेरी म्हणाली, "पोरीला शेजारच्या अक्काकडं ठेवायला सांगाय पायजे हुतं."

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाई पट्टी सोडता सोडता चिडल्या. "परवा चावला, आणि आज येता? इतकं पण कळत नाही तुम्हाला?"

"मला ठाऊक न्हवतं," कावेरी म्हणाली. बाजूला उभ्या असलेल्या दामोदरांकडे तिनं बोट दाखवलं नाही.

"हिला रागावू नका," दामोदर म्हणाले. "कुत्रा माझा आहे. लस नाही, लायसन्स नाही. मीच हिला येऊ दिलं नाही. लिहून घ्या."

जखमेच्या भोवती सुया टोचल्या तेव्हा कावेरीनं पदराचा बोळा दातांत धरला होता. यल्लाप्पा भिंतीकडे बघत होता. दामोदरांनी लाळ पुसली होती हे कळल्यावर डॉक्टरीणबाईंनी त्यांनाही बाही वर करायला सांगितलं.

संध्याकाळी पालिकेची गाडी आली. जाड हातमोजे घातलेली दोन माणसं जाळं घेऊन व्हरांड्यात गेली. जाळ्याची गरजच पडली नाही. गुंडूच्या मागच्या पायांत बळ उरलं नव्हतं. रिक्षापुढे चार पाय रोवणारा तो कुत्रा आज मुकाट्यानं पिंजऱ्यात गेला. फाटकाशी वादिराज उभे होते. "सार, झालंय म्हणाला होता तुम्ही," एवढंच ते म्हणाले आणि आपल्या घराकडे वळले.

गुंडू मेल्याचा फोन दोन दिवसांनी आला. तपासणीत रेबीजच निघाला होता. ऋचा फोनवर रडली, म्हणाली, "अण्णा, मी यायला हवं होतं." दामोदर म्हणाले, "खरं सांगायला माझं तोंड तर माझ्यापाशीच होतं ना."

पुढच्या सुयांच्या तारखा कावेरीला आणि त्यांना एकाच होत्या. दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर या टोकाला दामोदर, त्या टोकाला कावेरी आणि मध्ये यल्लाप्पा. हमालीचा दिवस बुडवून तो दर वेळी यायचा. शेवटच्या सुईच्या दिवशी कावेरी उठताना म्हणाली, "अण्णा, मी आता कामाला येणार न्हाई. दुसरं कुणीतरी बघा." त्यांनी मान हलवली. दुसरं कुणी त्यांनी बघितलं नाही. भांडी स्वतःच घासू लागले.

नंतर बऱ्याच महिन्यांनी ती त्यांना बसथांब्यावर भेटली. तोंड फिरवायला जागा नव्हती, दोघांमध्ये फक्त एक भाजीची पाटी होती.

"कशी आहेस?"

"बरी हाय. इंदिरानगरला एका बिल्डिंगीत झाडलोट करते."

"तब्येत?"

"डॉक्टर म्हणतात आता भ्या न्हाई." ती रस्त्याकडे बघत बोलत होती. तक्रार नव्हती, रागही नव्हता. "पर रोज उठल्यावर पयलं तांब्याभर पाणी पिऊन बघते. घशाखाली उतरलं, मग पोरीला उठवते."



बस आली. कावेरी पुढच्या दारानं चढली, आतल्या बायकांत मिसळून गेली. दामोदरांनाही त्याच बसनं जायचं होतं. येताय का, म्हणून कंडक्टरनं दारातून वाकून विचारलं, "बर्तीरा, अज्जा?"

त्यांनी हातानंच नाही म्हटलं आणि बस जाऊ दिली.