पाचवी ताटली

तळ्याकाठी सुट्टीपुरत्या भाड्याने घेतलेल्या दोन खोल्यांत पहिल्या संध्याकाळी ताटल्या मांडून झाल्या, तेव्हा मोजणीवालीने त्या सवयीने मोजल्या, आणि मग पुन्हा मोजल्या. माणसं चार होती: ती, नवरा, सात वर्षांची मुलगी आणि साडेतीन वर्षांचा मुलगा. ताटल्या पाच होत्या.

मोजणी हेच तिचं काम. डोंगराला दोन अंगांनी पोखरत येणाऱ्या दोन टोळ्या मधोमध, काळोखात, एकमेकींना नेमक्या भेटाव्यात, हे तिने बघायचं. चार बोटं चुकली तर डोंगर हसतो, असं बोगद्यावरची माणसं म्हणत. चौदा महिन्यांत डोंगर एकदाही हसला नव्हता. आणि इथे साध्या ताटल्या जुळेनात.

कोणी येणार आहे का, असं तिने नवऱ्याला विचारलं. नवरा चष्मेवाला, दिवसभर लोकांना जवळचं आणि लांबचं दाखवणारा माणूस. त्याने उकडलेल्या बटाट्यांचं पातेलं खाली ठेवलं, स्वतःचा चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाला, असू दे, पोरांचा खेळ आहे. थोरलीने बापाकडे पाहिलं, बापाने थोरलीकडे, आणि दोघं खाली मान घालून बटाटे सोलायला लागले. पाचवी ताटली धाकट्याने मांडली होती. जेवणं उरकेपर्यंत ती कोरीच राहिली. मग त्यानेच ती उचलली आणि उष्ट्या ताटल्यांच्या वर, अगदी जपून, धुवायला ठेवली.

धाकट्याचं टोपणनाव मुंगळा. ते तिनेच ठेवलेलं. दोन वर्षांचा असताना तो तिला असा चिकटायचा, की गुळाच्या ढेपेवरचा मुंगळा परवडला, तुटेल पण सुटायचा नाही. नोकरीवर निघताना त्याला अंगावरून सोडवलं, तेव्हा तिच्या बाहीचं बटण त्याच्या मुठीत राहिलं होतं. मध्ये एकदा ती दोन दिवस येऊन गेली, पण तेव्हा तो तापात होता.

तोच मुंगळा आता तिला काकू म्हणत होता.

तेही कसं, तर अहोजाहो करून. काकू, पाणी द्या ना. काकू, तुमची चप्पल उन्हात राहिली. पहिल्या दिवशी सगळे हसले, पोरगं लाजतंय म्हणाले. तीही हसली. बऱ्याच दिवसांनी घरी आलं की घराची कडीसुद्धा पटकन ओळख देत नाही, मग हे तर पोर. पण रजा होती दहा दिवसांची. अकराव्या दिवशी तिला बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाशी हजर व्हायचं होतं. त्याआधी एकदा, फक्त एकदा, मुंगळ्याच्या तोंडून आई अशी हाक यावी, एवढंच तिने मनाशी मागितलं होतं. मागणं इतकं एवढंसं, की कुणाला बोलून दाखवायचीही लाज वाटावी.

थोरलीला घरात फौजदार म्हणत. तिने सुट्टीतल्या उद्योगांची एकोणीस कलमी यादी करून खोलीच्या दाराला चिकटवली होती, आणि एकेक कलम उरकलं की ती लाल रेघ मारायची. ओल्या मातीची घरं. चमच्यात लिंबू धरून पळणं. तळ्यातली होडी. वेगवेगळी वीस पानं. कुणी पेंगायला लागलं की फौजदार कमरेवर हात ठेवून विचारी, सुट्टी काय झोपायला असते का?

मोजणीवाली मन लावून खेळली. पण दर खेळात कुठेतरी एक जास्तीचं निघे. मातीची घरं चार जणांनी केली, झाली पाच. लिंबाच्या शर्यतीत सगळे पोहोचले, तरी मुंगळा रेघेवर उभाच, तिथे ठेवलेल्या रिकाम्या चमच्याकडे बघत. थोडा वेळ गेला, मग तो म्हणाला, झालं, पोचली. आणि टाळ्या वाजवल्या. बापानेही वाजवल्या, फौजदारानेही. हिने सर्वांत शेवटी वाजवल्या. कोण पोचली? कलिंगडाच्या पाच फोडी झाल्या, पाचवी खिडकीत ठेवली गेली आणि दुपारपर्यंत खऱ्या मुंगळ्यांनी तिचा फडशा पाडला.

तिसऱ्या दिवशी तिच्या मनात नको ते येऊन बसलं. आपल्यामागे तिकडे घरात कुणी उठत-बसत होतं की काय? पोरांना माया लावणारी कुणी? नवऱ्याला आडून विचारलं, तर तो आणखी आडून बोलला. फौजदाराला विचारलं, तर ती म्हणाली, बाबांनी सांगू नको म्हटलंय. एवढं ऐकल्यावर घास कुठला गोड लागायला? बाईने बोगद्यात वाकडी रेघ शंभर पावलांवरून ओळखावी, आणि स्वतःच्या अंगणात उभं राहून आपण कुठल्या तोंडाने आत आलो हेच कळू नये, असं झालं.

चौथ्या दिवशी होडी. होडीला फळ्या तीन. पुढच्या फळीवर फौजदार, मधल्या फळीवर वल्ही घेऊन बाप, मागच्या फळीवर मुंगळा, एका कडेला, अंग चोरून. त्याच्या शेजारी चांगली ऐसपैस जागा होती. ती पाय ओले करत चढली आणि तिथे टेकली.

मुंगळ्याने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. अगदी हलके, पाहुण्यांना लागू नये तसा.

"काकू, इथे नका बसू. ही आईची जागा आहे."

होडी जागच्या जागी डुलत राहिली. बापाने वल्ही वर धरली, त्यांतून पाणी टपकत होतं.

"अरे, हीच आई," फौजदार पुढून म्हणाली. बंदी मोडलीच होती, आता तिला कोण अडवणार? "तुला हजारदा सांगितलं."

"नाही. आई फोनमध्ये असते," मुंगळा म्हणाला. त्यात राग नव्हता की हट्ट नव्हता. पाणी ओलं असतं, तसं.

ती उठली आणि होडीच्या तळाशी, पाण्याच्या डब्यापाशी बसली. रिकामी जागा तळंभर फिरून आली.

दुपारी मुलं झोपल्यावर चष्मेवाल्याने सगळं सांगितलं. ती गेली त्या संध्याकाळी त्याने सवयीने चार ताटल्या मांडल्या. एक उचलायला गेला तर फौजदार आडवी आली, आईची राहू दे म्हणाली. राहू दिली. मग तो रिवाजच झाला, जे जे करायचं त्यात आईचं एक. बोगद्याच्या तोंडाशी फोनला चित्र पेलत नसे. आईचा चेहरा मध्येच थिजायचा, तोंड उघडं राहायचं, आणि मुंगळा घाबरून किंचाळायचा. म्हणून चित्र बंद केलं आणि नुसता आवाज ठेवला. रोज संध्याकाळी सहाला. फोटो दाखवायचो गं, तो म्हणाला, पण फोटोत तुझी लांब वेणी. आणि तू आलीस ती हे असं डोकं घेऊन.

तिचा हात केसांकडे गेला. शिरस्त्राणाखाली धूळ साचायची, म्हणून तिने ते कानाच्या वर कापले होते.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"वाटलं, एक-दोन दिवसांत ओळखेल. मग वाटलं, आज ओळखेल." त्याने पुन्हा चष्मा पुसायला घेतला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझंच पोर, आणि मलाच त्याची नजर तपासता येईना."

तिला हायसं वाटायला हवं होतं. दुसरी कुणी बाई नव्हती. होती ती हीच. पण स्वतःचाच हेवा कसा करायचा, हे कुणी शिकवलेलं नसतं.

आणि संध्याकाळी सहाला खरी गोष्ट तिच्या ध्यानात आली. मुंगळा फोन मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसला होता, हात-पाय धुऊन, केस ओले करून. कालही बसला होता, परवाही. तिला वाटलं होतं, खेळतोय. सव्वासहा झाले. साडेसहा झाले. फोन गप्प.

"आईने आज पण फोन नाही केला," त्याने बापाला सांगितलं.

करणार कुठून? करणारी तीन हातांवर काकडी चिरत उभी होती. ती घरी आली आणि त्याच दिवसापासून त्याची आई हरवली होती. सुरीखाली काकडीच्या चकत्या कधी जाड, कधी पातळ पडू लागल्या.

नवऱ्याने खुणेने सुचवलं, बाहेर जाऊन तुझ्या फोनवरून कर. तिने मान हलवली. भिंतीआड लपून लेकराशी बोलायचं आणि मग काकू होऊन आत यायचं, हे तिला जमण्यातलं नव्हतं. जमलं असतं, तर जास्तच वाईट.

त्यानंतरचे दोन दिवस सगळ्यांनी मिळून गोंधळ वाढवला. बापाने लाटण्याची वेणी करून तिच्या मानेवर धरली. मुंगळा हसून लोळला आणि म्हणाला, काकू गंमत करतात. फौजदाराने रागावून पाचवी ताटली लपवली. मुंगळ्याने स्वतःची ताटली आईच्या जागी ठेवली आणि हातात बटाटा घेऊन जेवला. ताटली परत आली.

सातव्या दिवशी यादीत सोळावं कलम होतं: डब्यांचा टेलिफोन. दोन रिकामे डबे, बुडाला भोक, मध्ये लांब दोरा. फौजदाराने मुंगळ्याला पुढच्या ओट्यावर बसवलं आणि काकूला, म्हणजे आईला (तिचीही जीभ आता अडखळू लागली होती), घराला वळसा घालून मागे कपडे धुण्याच्या दगडापाशी पाठवलं. दोरा भिंतीला घासता कामा नये, नाहीतर आवाज मरतो. कोपऱ्यावर फौजदार स्वतः उभी राहिली, दोऱ्याला आणखी एका दोऱ्याच्या फासात धरून, भिंतीपासून लांब.

मोजणीवालीने डबा हातात घेतला. दोरा सैल होता. तो ताणताना ती क्षणभर सगळं विसरली. दोरी ताणून सरळ करणं हे तिच्या हातांचं काम, डोक्याला विचारायची गरज नाही. हवा तेवढा ताण आल्यावर तिने डबा तोंडाशी नेला आणि आवाज येतोय का ते बघायला, सवयीने, जे तोंडात आलं ते म्हटलं. रोज सहाला बोगद्याच्या धुळीत उभी राहून फोनवर म्हणायची तेच:

"डोंगरा डोंगरा, उघड तुझं दार,
आत कोण बसलंय, अंधार फार?"

डबा कानाला लावला. दोरा थरथरला. आधी नुसता श्वास आला, मग चढलेला, घाईचा आवाज:

"आत बसला मुंगळा, गुळाचा पहारेदार!"

तिने डबा कानाशी आणखी घट्ट धरला.

"आई," डबा म्हणाला. "तू फोन का नाही केलास? मी किती दिवस हातपाय धुतले."

मागितलेली हाक आली होती. पण ती तिच्याकडे बघून आलेली नव्हती.

"दोरा धरून ये," ती म्हणाली. "सोडू नको. मी ओढून घेते."

तो आला. हातावर हात टाकत, कोपऱ्यावरच्या बहिणीला वळसा घालून आला, आणि तो जसा येई तसा ती दोरा गोळा करत गेली, म्हणजे मध्ये झोळ पडू नये. शेवटी दोरा संपला. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती, आणि मध्ये दोन डबे एकमेकांना टेकलेले.

मुंगळ्याने तिच्या पाठीमागे पाहिलं. दगडाखाली पाहिलं. तिच्या डब्यात डोळा घालून पाहिलं. मग तिच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "परत म्हणा."

तिने म्हटलं. या वेळी डबा नव्हता. आत कोण बसलंय, इथवर ती आली, तेव्हा त्याने दोन बोटांनी तिचा खालचा ओठ ओढून धरला आणि आत वाकून पाहिलं, बराच वेळ, दात दुखत असल्यासारखं. मग त्याने तळहात तिच्या गळ्यावर ठेवला.

"काकू," तो हळूच म्हणाला, "आई तुमच्या आत आहे?"

नाही म्हणावं तर खोटं, हो म्हणावं तरी खोटंच.

"आहे," ती म्हणाली. "मला वाटतं, आहे."

त्या संध्याकाळी सहाला तो उंबऱ्यात बसला नाही. जेवायच्या वेळी, अजून तळ्यावर ऊन होतं, त्याने रोजच्यासारख्या पाच ताटल्या मांडल्या. फौजदाराने कपाळाला हात लावला. मग मुंगळ्याने पाचवी ताटली जमिनीवरून दोन्ही हातांनी ढकलत, खरडवत, काकूच्या ताटलीला अगदी चिकटवून ठेवली. एका माणसापुढे दोन ताटल्या. बाप एक उचलायला वाकला, तर तिने त्याचं मनगट धरलं.

मुंगळ्याने स्वतः वाढलं. डावीकडे एक बटाटा, उजवीकडे एक बटाटा. विचार करून उजवीकडे आणखी अर्धा.

"काकू, तुम्ही आधी जेवा," तो म्हणाला. "मग आई जेवेल."

ती डावीकडची ताटली जेवली. मग उजवीकडची. दोन्हींत मीठ सारखंच होतं, तरी दोन्हींची चव एक लागेना. आपण जेवतोय की कुणाला जेवू घालतोय, हे तिला नीटसं कळत नव्हतं, आणि रजेचे तीन दिवस उरले होते.

मुंगळा तिच्या मांडीला गुडघा लावून बसला होता, तिच्या गळ्यावर टक लावून. घास खाली उतरताना दिसला की मान डोलवत होता. शेवटचा घास गेला, तशी त्याने तिच्या बाहीचं बटण मुठीत धरलं, तोंड तिच्या गळ्याशी नेलं आणि हाक मारली.

"आई, पोट भरलं का गं तुझं?"