कॅप्टनचं नसलेलं बटण

मित्रांनो, मी एक जुनं पितळी बटण आहे. लोक माझं तोंड बघतात आणि "वा, काय चकाकतंय!" म्हणतात. माझं नाव-गाव मात्र पाठीवर आहे, आणि पाठ बघायला सवड कुणाला असते?

माझा जन्म बर्मिंगहॅमचा. प्रोबर्ट अँड सन्सच्या कारखान्यात मला पितळेच्या पत्र्यातून कापलं, तोंडावर चाकाचा ठसा मारला, पाठीवर कारखान्याचं नाव उठवलं आणि टाके घालायला कडी जोडली. तिथून मी हल शहरातल्या ट्रामच्या गणवेशावर आलो. पहिलं महायुद्ध चालू होतं. पुरुष आघाडीवर गेलेले, म्हणून तिकिटं द्यायला बायका लागल्या. माझी बाई मेबल. आवाज असा खणखणीत की पेंगणारा प्रवासी दचकून उभाच राहायचा. त्या कोटावर मी फार सुखात होतो.

मेबल तापानं गेली तेव्हा तिची लेक एड्ना अगदी लहान होती. पुढे सावत्र आई आली आणि तिनं मेबलचं सगळं चुलीत घातलं, फोटोसुद्धा ठेवला नाही. कोट चुलीत जाण्याआधी मेबलची मैत्रीण लॉटीमावशी हिनं मला त्यावरून तोडलं.

"ते काय लपवतेयस गं?" सावत्र आईनं हटकलं.

"काही नाही, पोरीच्या आजोबांचं बटण. मेबलचे वडील जहाजाचे कॅप्टन होते ना!" मावशीनं ठोकून दिलं.

पोर मोठी झाली की खरं सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. पण त्याआधीच तीही गेली.

एड्नानं मला जिवापाड जपलं. दर रविवारी पॉलिश लावून इतकं घासलं, की चाकाचा ठसा पार पुसट झाला. उरलेल्या रेघा तिला जहाजाचा नांगर वाटायच्या.

"घास, घास! एक दिवस भोक पडेल," तिचा नवरा क्लिफ म्हणायचा. पाठीला मात्र तिनं कधी पॉलिश लावलं नाही.

म्हातारपणी तिनं ठरवलं, कॅप्टनची वस्तू संग्रहालयाला देऊन टाकावी. आईची एवढी एकच खूण, आणि ती आपल्याच हातानं देणार!

संग्रहालयातल्या मिसेस ब्लेन्किननी मला उलटं केलं आणि भिंग लावलं.

"कॅप्टन कधी वारले हो?"

"आई जन्मली त्याच वर्षी. जहाजासकट बुडाले."

"मग हे त्यांचं नव्हे. हे 'अँड सन्स' बघा. प्रोबर्टची मुलं धंद्यात आली ती पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर. त्याआधी नुसतं 'प्रोबर्ट' असायचं."

"काहीतरीच! नांगर दिसत नाही का तुम्हाला?"

मिसेस ब्लेन्किननी दिवा तिरपा धरला. "नांगर नाही, चाक आहे. आपल्या ट्रामच्या गणवेशावरचं."

एड्नानं भिंग ओढून घेतलं आणि स्वतः बघितलं.

"ट्रामवर आई होती माझी," ती म्हणाली. "लॉटीमावशी, काय लबाड गं तू!" आणि हसता हसता तिला रडू फुटलं.

"मग ठेवून जाताय ना?"

"हात तर लावून बघा!" तिनं मला मुठीत घट्ट धरलं.

मित्रांनो, माझा ठसा कुणी रागानं पुसला नाही, मायेनंच पुसला. म्हणून सांगतो, जुनी वस्तू हाती आली तर पॉलिशची डबी उघडण्याआधी तिची पाठ बघा.

आता रविवारी एड्ना मला घासत नाही. तळहातावर पालथं ठेवते. क्लिफनं चहाला हाक मारली की म्हणते, "थांब रे जरा, आईपाशी बसलेय."